वाण

आमच्या फ्रिजवर एक दुधी बसलेला असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो तिथे चढतो आणि संक्रांत उलटेपर्यंत खाली उतरत नाही. चढतो तेव्हा फिकट हिरवा आणि चांगला वजनदार असतो. नोव्हेंबरात त्याच्यावर करड्या बुरशीचे नकाशे उमटतात. डिसेंबरात तो जुन्या चामडी बॅगेसारखा तपकिरी दिसायला लागतो. घरी आलेला पाहुणा चहा पिता पिता आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, मग बायकोकडे, आणि शेवटी "यंदा थंडी जरा जास्तच, नाही?" असं म्हणून खिडकीबाहेर बघत बसतो.

थंडी जास्तच असते. आम्ही मिनेसोटात राहतो. घराजवळून 45 वा अक्षांश जातो, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या अगदी मध्यावर आमचा मुक्काम. जानेवारीत पारा उणे 25 ला टेकला की ही मोजणी करणारा ध्रुवाला फितूर असावा असं वाटतं. डिसेंबरात इथे दिवस पुरता 9 तासांचाही नसतो, तेव्हा पुण्यात तो 11 तासांचा असतो. ऑक्टोबरात पहिलं दंव पडतं आणि मेच्या मध्यापर्यंत त्याचा नेम धरता येत नाही. मधल्या पाच महिन्यांत टोमॅटो, मिरच्या, काकडी, दुधी यांनी उगवावं, वाढावं, फळावं आणि जमल्यास आमची दोन जेवणं निभवावीत, अशी माझी अपेक्षा. बाकीचे सात महिने शेती घरात चालते, आणि बायकोची तक्रार या सात महिन्यांबद्दल आहे.

फ्रिजवरचा दुधी बियाण्याचा आहे. तो का बसवला, हे सांगायचं तर आजीपासून सुरुवात करायला हवी.

आमचं घर रत्नागिरीकडचं. परड्यात पडवळ, दोडका, काकडी, भोपळा असं सगळं आजीच्या हुकमतीत. श्रावणात आम्ही काकड्यांवर तुटून पडत असू, पण वेलीवरच्या पहिल्या काकडीला आजी लाल चिंधी बांधून ठेवायची. चिंधी बांधली की ते फळ सरकारजमा. ते पिवळं पडायचं, मग तांबूस, मग त्याला भेगा जायच्या, आणि मग आजी त्यातल्या बिया धुऊन, राखेत घोळवून, शेणाच्या गोळ्यात घालून भिंतीला थापायची. दोडके आणि कणसं चुलीवर टांगलेली असत. धुरामुळे पोरकिडा फिरकत नसे. पावटे, वाल, भेंडी यांच्या पुरचुंड्या माळ्यावर मडक्यात. एकाही पुरचुंडीवर नाव नाही. आजी नुसती बोटांनी चाचपून सांगायची.

एका वर्षी आम्ही भावंडांनी चिंधीवाली काकडी खाल्ली. चिंधी परत देठाला बांधून ठेवायची हुशारीही केली. आजी काही बोलली नाही. पुढच्या श्रावणात मात्र मांडवावर एकही काकडी नव्हती. शेजारून बी मागून आणणं सहज शक्य होतं, पण तिने आणलं नाही. आम्ही कुरकुर केली तेव्हा म्हणाली, "खाल्लीत ना गेल्या वर्षी?"

एवढं शिक्षण पदरी असूनही चाळिशीत मी तेच केलं. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी मला दुधीच्या चार बिया दिल्या होत्या. मी एप्रिलमध्ये घरात रोपं केली, मेअखेर अंगणात लावली, सप्टेंबर उजाडल्यावर पहिला दुधी धरला. आनंदाच्या भरात मी तो कोवळा असतानाच कापला, चणाडाळ घालून भाजी झाली, फोटो रत्नागिरीपर्यंत पोचले. महिन्याभरात दंव पडलं आणि वेल एका रात्रीत उकडलेल्या पालकासारखा होऊन लोंबायला लागला. उरलेली दोन फळं बोटभर. मी पुन्हा काकूंच्या दारात. त्यांनी बिया दिल्या आणि दार लावता लावता म्हणाल्या, "आणि पहिला चिरायचा नसतो, बरं का."

पहिलाच का, ते मला इथे कळलं. कोकणात तो रिवाज होता, इथे ते गणित आहे. फुलापासून बी पक्कं होईपर्यंत दीड-दोन महिने जातात. पहिल्या फळाला तेवढी मुदत मिळते, तिसऱ्या-चौथ्याला मिळत नाही. शिवाय जो वेल सगळ्यांत आधी फळला त्याचंच बी धरत गेलं, की हळूहळू घाईचा वेल घरात नांदायला लागतो. गेली नऊ वर्षं मी पहिलाच दुधी राखतोय. आता तो जुलैच्या शेवटीच धरतो. त्याचं श्रेय बियाण्याला किती आणि तापत चाललेल्या उन्हाळ्याला किती, हा हिशेब मी मांडत नाही. सगळं श्रेय मी स्वतः घेतो.

ऑगस्टमध्ये मात्र मनावर दगड ठेवावा लागतो. मांडवावर पहिला दुधी लोंबत असतो, कोवळा, लुसलुशीत, नख लावलं तर रुतेल असा. पाहुणे येतात, हात लावून बघतात आणि कळवळतात, "अहो, काढा की, जून होईल!" जून होण्यासाठीच तर ठेवलाय, हे त्यांना पटत नाही. घरात दुकानातून विकत आणलेल्या दुधीची भाजी शिजत असते आणि अंगणातला दुधी आरामात म्हातारा होत असतो.

बी राखणं म्हणजे बी काढून ठेवणं, असा सुरुवातीला माझा समज होता. तो समज टोमॅटोने घालवला. दुकानातल्या एका गोड, संकरित टोमॅटोच्या बिया मी शास्त्रोक्त काढल्या. म्हणजे गरासकट पेल्यात दोन-तीन दिवस आंबवल्या, वर फेस आला, बायको माहेरी जायची भाषा बोलायला लागली, मग बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं आणि त्या धुऊन वाळवल्या. पुढच्या वर्षी सहा रोपांना सहा तऱ्हेचे टोमॅटो. एक आंबट, एक पिठूळ, एक नुसताच दिसायला चांगला. संकराची पुढची पिढी विखुरते, हे मेंडेल नावाच्या धर्मगुरूने 1866 साली वाटाण्यांवरून लिहून ठेवलं होतं आणि मी ते दहावीत गुणांपुरतं पाठही केलं होतं. पुढच्या वर्षी झुकिनीने उरलेला गर्व घालवला. शेजाऱ्यांचा हॅलोवीनचा भोपळा आणि माझी झुकिनी वनस्पतिशास्त्रात एकाच जातीची. मधमाश्यांनी मध्यस्थी केली. मी राखलेल्या बियांतून जे आलं ते लांबीला झुकिनी, रंगाला भोपळा आणि चवीला पुठ्ठा होतं.

दुधीचं तसं नाही. आमच्या आसपासच्या चार गल्ल्यांत दुसरा दुधीच नाही, त्यामुळे त्याचं सोवळं आपोआप पाळलं जातं. अडचण निराळीच आहे. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. पतंग येतात, पण त्यांच्या सवडीने. मग ते काम मला करावं लागतं. नराचं लांब देठाचं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मादीच्या फुलावर हलकेच टेकवायचं. मादीचं फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलासा दुधी तयारच असतो. एकदा मी टॉर्च तोंडात धरून हा विधी करत असताना कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा म्हणाले, "इंटरेस्टिंग." मिनेसोटाचा माणूस इंटरेस्टिंग म्हणाला, की त्यापुढचं त्याने सभ्यपणाने गिळलेलं असतं.

पण रात्री टॉर्च घेऊन बियांच्या मागे लागणारा मी एकटा नाही. मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी 1879 साली तणांच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्यांत भरल्या आणि विद्यापीठाच्या आवारात पुरल्या. बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं, ते त्यांना बघायचं होतं. आता दर 20 वर्षांनी एक बाटली उकरतात. तीही रात्री, अंधारात, कारण उजेड लागला की बी जागं होण्याची भीती. 2020 ची पाळी साथीमुळे चुकली, म्हणून 2021 मध्ये पहाटेच्या अंधारात प्राध्यापक मंडळी नकाशा आणि फावडं घेऊन निघाली. 142 वर्षांपूर्वीच्या त्या बियांपैकी काही उगवल्या. शेवटची बाटली 2100 साली निघायची आहे. हे मी बायकोला मोठ्या उमेदीने सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी बाटल्या फ्रिजवर नाही ठेवल्या."

दुधी फ्रिजवर चढतो त्याच आठवड्यात कुंड्यांचं स्थलांतर असतं. उन्हाळाभर अंगणात मोकळी वाढलेली तुळस, पुदिना, गवती चहा, पानओवा आणि कढीपत्ता यांना गॅरेजच्या दारात रांगेत उभं करतो. प्रत्येकाची पानं उलटून तपासायची, मावा असेल तर साबणाच्या पाण्याने आंघोळ, मग पंधरा दिवस तळघरात वेगळं ठेवायचं आणि मग घरात प्रवेश. विमानतळावर आमची जेवढी तपासणी झाली, तिची मी अशी परतफेड करतो.

यांत कढीपत्ता हा घरजावई. भारतातून ताजा कढीपत्ता इथे आणता येत नाही. कढीपत्ता आणि संत्रं एकाच कुळातले. बेल, कवठही त्यांचेच भाऊबंद. संत्र्यावरची सिला नावाची कीड, जी आपल्याकडे नागपूरच्या बागाइतदारांनाही चांगलीच ठाऊक आहे, ती कढीपत्त्यावरही सुखाने राहते आणि तिच्याबरोबर संत्र्याच्या झाडाचा एक असाध्य रोग पसरतो. 2005 साली तो फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या बागांचं कंबरडं मोडलं. म्हणून आपल्या पोह्यांच्या फोडणीवर इथे एवढा पहारा. आमचं झाड म्हणजे मंडळातल्याच एकांच्या कुंडीतला फुटवा. हिवाळ्यात तो पानं गाळतो, रुसतो, काठीसारखा उभा राहतो. पाणी जास्त दिलं तर मुळं कुजतात, कमी दिलं तर उरलेली पानंही जातात. डिसेंबरात आमच्याकडे फोडणीला पानं मोजून मिळतात. आमटीला तीन, चिवड्याला पाच. पाहुणे आले तर सात, पण ते पाहुण्यांना सांगितलं जातं.

पानओव्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याची फांदी मोडून मातीत खोचली की तो जगतो, खोचली नाही तरी जगतो.

कोथिंबीर मात्र लाड करून घेते. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्याआधी ते रगडून फोडायचे. आई पाटावर पसरून वाटीच्या बुडाने रगडायची, मी चपलेने रगडतो, स्वच्छ चपलेने. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसतात आणि मग काचेपलीकडच्या त्या दीनवाण्या उजेडाकडे माना उंचावत रोपं लांबट, लेचीपेची होतात. त्यावर उपाय म्हणून तळघरात दिवे लावले. झाडांना मानवणारा तो प्रकाश जांभळा असतो. तळघराच्या खिडकीतून हा जांभळा उजेड रात्री अकरापर्यंत बाहेर बर्फावर पडायला लागल्यावर गल्लीत आमच्याबद्दल थोडं कुतूहल निर्माण झालं. एकदा आजोबांनी अतिशय हळुवारपणे सांगितलं, की आमच्या राज्यात 2023 पासून गांजाची आठ झाडं घरी लावायला कायद्याची हरकत नाही, तेव्हा उगाच संकोच बाळगू नये. मी त्यांना खाली नेऊन कोथिंबिरीच्या बारा कुंड्या दाखवल्या. ते थोडे निराश झाले असावेत. त्या बारा कुंड्यांतून एका वेळच्या बटाटेवड्यांपुरती कोथिंबीर निघते. विजेचा खर्च धरला तर त्या जुडीच्या किमतीत दुकानातल्या वीस याव्यात. हे गणित घरात माझ्याशिवाय सगळ्यांनी केलेलं आहे.

आणि चिलटं. ओल्या मातीत ती होतात, आणि जानेवारीत त्यांना जायला दुसरी जागा नसते. "बाहेर उणे पंचवीस, आणि माझ्या स्वयंपाकघरात चिलटं!" हे वाक्य आमच्याकडे दर हिवाळ्यात एकदा तरी म्हटलं जातं. त्यावर माती वरून कोरडी होऊ देणं हा खरा उपाय, आणि "यंदा कमी आहेत" असं म्हणणं हा माझा.

तुळशीचं लग्न कार्तिकात, म्हणजे इथे बर्फ पडायला लागल्यावर. वृंदावन बाहेर, नवरी आत. त्यामुळे आमच्याकडे हे लग्न डिशवॉशरच्या शेजारी, सरकत्या काचेच्या दारापाशी लागतं. अक्षता महिनाभर झाडूत सापडत राहतात. फेब्रुवारीपर्यंत तुळस उजेडावाचून काडी होते. पण तोवर मी मंजिरीतले मोहरीहून बारीक काळे दाणे काढून ठेवलेले असतात आणि मार्चमध्ये नवी रोपं येतात. कृष्ण तोच, नवरी दर वर्षी नवी.

या सगळ्या बिया डब्यांत, पाकिटांत, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत साठवलेल्या असतात. आजीच्या पुरचुंड्यांवर नावं नव्हती. माझ्या पाकिटांवर आहेत, पण ती अशी: "बहुतेक पडवळ." "काकूंकडचं, लांब." "मिरची (?)." एका पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "हे ते नव्हे." मला एवढंच कळतं, की त्या दिवशी मला ते नक्की माहीत होतं.

राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा ताईचा फोन आला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या त्या बाईंनी गावठी वाणांची बीज बँक उभी केली. ताई म्हणाली, "बघ, त्या बिया जपतात तर पद्मश्री, आणि तू जपतोस तर बायकोची बोलणी." मी म्हटलं, त्यांच्या बिया ओळखू येतात.

आमच्याकडून गाडीने अडीच-तीन तासांवर आयोवात डेकोरा गाव आहे. तिथे सीड सेव्हर्स एक्स्चेंज नावाची संस्था जुनी बियाणी जपते. शेजारचे आजोबा एकदा मला तिथे घेऊन गेले. 1975 साली ती सुरू झाली तेव्हा भांडवल होतं डायन ऑट व्हीली यांना त्यांच्या आजोबांनी दिलेल्या बियांचं: एक जांभळी मॉर्निंग ग्लोरी आणि एक गुलाबी टोमॅटो. डायन यांच्या आजोबांच्या घराण्याने बव्हेरियाहून येताना त्या बरोबर आणल्या होत्या. ते ऐकून मला एकदम बरं वाटलं. परदेशात येऊन घरचं बी कवटाळून बसणं हा आपलाच खुळेपणा नव्हता तर.

स्वालबार्डच्या बेटावर डोंगराच्या पोटात 2008 पासून जगभरच्या बियांची तिजोरी आहे, उणे 18 अंशांत. तिथे गहू, भात, ज्वारी, कडधान्यं सगळी असतात. पण आंबा, फणस, नारळ, कोकम यांच्या बिया तिथे ठेवता येत नाहीत. वाळवल्या की मरतात, गारठवल्या की मरतात. त्यांना पडल्यापडल्या रुजायला ओली जमीन लागते, तीही लगेच. कोकणातली बहुतेक थोर मंडळी अशी तिजोरीत न बसणारी आहेत, याचा मला फार दिवस अभिमान वाटला. मग आठवलं, की मी स्वतः उणे 25 अंशांत बावीस वर्षं टिकून आहे.

बियांना थंडी आणि कोरडेपणा हवा, आणि आमच्या घरात हिवाळ्यात हीटरमुळे हवा इतकी कोरडी असते, की ओठ फुटतात, लाकडी पोळपाटाला चीर जाते, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. दुधीला मात्र हेच मानवतं. करडी बुरशी वरवरची असते, कवच टणक असेल तर आत काही बिघडत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि थांबायचं. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही असाच वाळत पडलेला असतो, हे मी सांगून पाहिलं. बायको म्हणाली, त्यातून निदान सा निघतो.

आमच्यातूनही निघतो, फक्त उशिरा. जानेवारीत रोज सकाळी चहाला उतरलो की मी दुधी कानाशी धरून हलवतो. आधी काहीच नाही. मग एक दिवस आत काहीतरी ओलसर सरकल्याचा भास. मग पुन्हा काही नाही. आणि यंदा संक्रांतीनंतर आठवड्याने तो खुळखुळला.

त्याच दिवशी बायको हळदीकुंकवाच्या तयारीत होती. वाण काय लुटायचं, हा तिचा दर वर्षीचा प्रश्न. गेल्या वर्षी प्लॅस्टिकचे डबे दिले, तर मुलीने कॉलेजातून फोन करून पर्यावरणावर वीस मिनिटं ऐकवलं होतं. त्याआधीच्या वर्षी चाळण्या दिल्या, त्यांतल्या दोन फिरून आमच्याकडेच आल्या. ती यादी करत बसली होती आणि मी गॅरेजमधून करवत घेऊन आलो. वर्तमानपत्रावर दुधी कापला. आतला पांढरा गर कापसासारखा सुका, आणि बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या. पोचट वेगळ्या काढल्या. भरीव निघाल्या 278. मला हव्या होत्या तीन.

"मराठीत बियाण्याच्या जातीला काय म्हणतात गं?" मी विचारलं.

"वाण," ती म्हणाली, आणि पेन खाली ठेवून फ्रिजच्या रिकाम्या माथ्याकडे बघायला लागली.

लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची बावीस पाकिटं झाली. प्रत्येकात दहा बिया, वर तिच्या वळणदार अक्षरात "काकूंचा दुधी" आणि वर्ष. मला लिहू दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी वर बायकांचा गलका आणि मी तळघरात जांभळ्या उजेडात, कोथिंबिरीपाशी. जिन्यावरून ऐकू येत होतं. काकूही आल्या होत्या. त्यांच्याकडचं हे बी गेल्या वर्षीच संपलं. मुंबईहून सून आली होती, तिने मोठ्या कौतुकाने पहिलाच दुधी चिरून भाजी केली. सुनेला काय बोलणार?

काकूंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, पेन मागितलं आणि नावाखाली लिहिलं: "पहिला चिरू नये." मग बायकोने उरलेल्या एकवीस पाकिटांवरही तेच लिहिलं.